पूसेट, मी आणि बटाट्यांची गाडी

मी नाचायला शिकलो याला माझी बायको जबाबदार नाही, तिचं हसणं जबाबदार आहे.

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. आम्ही दोघं खिमा आणि उकडलेले बटाटे खात होतो. नेट्टा मध्येच काटा खाली ठेवून म्हणाली, "यंदा सेंट अँड्र्यूच्या नाचाला मी जात नाही. नाताळानंतर क्लबही सोडीन म्हणते."

बॅलकेरन या आमच्या गावच्या नृत्य क्लबात ती अकरा वर्षं दर बुधवारी जाते. बुधवारी आमच्या घरी थंड जेवण असतं, हे मी कधीच तक्रार न करता सोसलेलं आहे. मी विचारलं, "का गं? गुडघे दुखतात का?"

"गुडघे ठणठणीत आहेत. घरात नवरा असून दर वेळी हॉलमध्ये जोडीदार हुडकत फिरायचा कंटाळा आलाय."

मला काय झालं कोण जाणे. बहुधा खिम्यात मिरी जास्त पडली असावी. मी म्हणालो, "मी येतो."

आणि ती हसली. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि तुझ्या घोट्याचं काय?"

हा घोटा म्हणजे आमच्या संसारातला न बोलायचा विषय. आमच्याकडे लग्नात पहिला नाच नवरा-नवरीचा असतो. मी ऐन वेळी घोटा मुरगळल्याचं जाहीर केलं, खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला, आणि नेट्टा तिच्या मामाबरोबर नाचली. घोट्याला काहीही झालेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांनाही माहीत होतं. चोवीस वर्षांत तिने त्या घोट्याचा विषय एकदाही काढला नव्हता. आता काढला, तोही हसत. मी टाउन कौन्सिलच्या सभागृह आणि मोकळ्या जागा विभागाचा प्रमुख आहे. माझ्या सहीशिवाय या गावात कुणाला तंबूची खुंटी ठोकता येत नाही. अशा माणसाला पाहून बायकोच्या डोळ्यांत हसून पाणी यावं हे मला लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते हे, की तिचं बरोबर होतं.

"तू तिकिटं काढ," मी म्हणालो. "दोन."

"काढते," ती म्हणाली. "पण घोट्याला सांगून ठेव."

दुसऱ्या दिवशी मी सँडी इम्री खाटकाच्या दुकानात गेलो. इम्री आणि त्याची बायको जीन दोघंही क्लबात आहेत. मी सॉसेज मागितले आणि आवाज खाली आणून विचारलं, "इम्री, हे तुमचं नाचणं शिकायला किती दिवस लागतात?"

इम्रीला आवाज खाली आणणं हा प्रकार माहीत नाही. "पेट्री नाचणार!" तो सुरा उगारून ओरडला. दुकानात पाच बायका रांगेत होत्या. "अरे सोप्पं आहे रे! नाच म्हणजे काय, ठेक्यात चालणं. समोरासमोर दोन रांगा, चार जोड्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. अडचण एकच, पूसेट. ती जमली की सगळं जमलं."

मग त्याने काउंटरवर चार सॉसेज मांडून मला पूसेट दाखवली. दोन जोड्या. प्रत्येक जोडीने एकमेकांचे दोन्ही हात धरायचे. वरच्या जोडीने एका अंगाने, खालच्या जोडीने दुसऱ्या अंगाने, एकमेकींना वळसा घालत जागा बदलायच्या. आठ अंक मोजायच्या आत वरचे खाली, खालचे वर. "आणि पाऊल उडतं टाकायचं. चालत केलीस तर ती पूसेट नाही, ती मिरवणूक."

"खाली बघू नका," रांगेतली पहिली बाई म्हणाली.

"खाली बघायलाच हवं, नाहीतर पाय कुठे आहेत कळणार कसं?" दुसरी म्हणाली.

"माझे हे मोठ्याने आकडे मोजायचे," तिसरी म्हणाली. "त्यांच्याबरोबर कुणी नाचायचं नाही, पण चुकले कधी नाहीत."

"सगळ्यांत तळाला उभं राहायचं बघ," इम्री म्हणाला. "वरच्या जोड्या नाचतात ते बघून घ्यायचं, मग आपली पाळी. आणि घाबरतोस काय? नेट्टाची पूसेट पाहिलीयेस का कधी? आम्हा पुरुषांना लाजवते ती!"

मी पाहिली नव्हती. मला जरा अभिमान वाटला आणि मी सॉसेज घेऊन निघालो. पूसेट दाखवताना वापरलेलेच चार त्याने मला बांधून दिले होते, हे मला घरी आल्यावर कळलं.

सरावाला जागा हवी होती. माझ्या ताब्यात गावातले तीन हॉल आहेत, तेव्हा जागेची चिंता मला तरी पडायला नको होती. मी माझ्याच कचेरीत, माझ्याच हाताखालच्या शीना रॅट्रेच्या टेबलापाशी जाऊन म्हणालो, "छोटा हॉल मंगळवार-गुरुवार संध्याकाळी एक तास लिहून ठेव. खासगी काम आहे."

शीनाने खणातून फॉर्म काढला. "अर्ज भरावा लागेल, साहेब."

"शीना, मी आहे."

"म्हणून तर. कलम चार बघा. कौन्सिलच्या नोकराला सवलत नाही. तुम्हीच घातलंय ते."

मीच घातलं होतं. सहा वर्षांपूर्वी बॅगपाइपवाल्यांनी छोट्या हॉलच्या खिडकीची काच फोडली, त्यानंतर तीन रविवार खर्ची घालून मी तो फॉर्म तयार केला होता. मी तो तेव्हापासून उघडून पाहिला नव्हता. फार कसून तयार केला होता, हे मान्य करायला हवं. 'कार्यक्रमात पायांची हालचाल होणार आहे काय? असल्यास जमिनीपासून किती उंच?' हा प्रश्न वाचून मला माझाच आदर वाटला. पुढे लाकडी जमीन तपासल्याचा दाखला, प्रथमोपचार जाणणारी एक व्यक्ती, आणि मग कलम अकरा: अर्जदाराचं नाव व कार्यक्रमाचं स्वरूप हॉलबाहेरच्या फळ्यावर चौदा दिवस लावून हरकती मागवाव्यात.

"फळ्यावर?" मला घाम फुटला. त्या फळ्यासमोरून नेट्टा दर बुधवारी जाते. "शीना, फळ्यावर नको."

"मग नियम बदलावा लागेल. त्यासाठी समिती. समिती फेब्रुवारीत."

"राहू दे. अर्ज मागे घेतो."

"मागे घ्यायलाही फॉर्म आहे, साहेब," शीना हळूच म्हणाली. "तोही फळ्यावर लागतो. पण मी नावाऐवजी 'एक नागरिक' लिहीन."

पोरीचे उपकार मी विसरणार नाही. फळ्यावर कागद लागला: 'एका नागरिकाने दोन व्यक्तींच्या नृत्यासाठी केलेला अर्ज मागे घेतला आहे.' मागे घेतलेल्या त्या अर्जावर तीन हरकती आल्या. एकीत लिहिलं होतं की असले प्रकार लोकांनी आपापल्या घरी करावेत.

मग मी आपल्या घरीच करायचं ठरवलं. बुधवारी नेट्टा क्लबात गेली की मी न्हाणीघरात पाऊल घोटायचो. उडी, ठोका, ठोका. उडी, ठोका, ठोका. दुसऱ्याच बुधवारी दाराची घंटा वाजली. दारात डॅलगार्नोबाई.

आमचं घर जोडघर आहे. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मिस डॅलगार्नो. वय शहात्तर, उंची सहा फुटांना एक बोट कमी. त्यांनी शाळेत मला आणि निम्म्या गावाला गणित शिकवलंय. त्या आत आल्या की मी अजून उभा राहतो.

"लॅकलन," बाई म्हणाल्या, "सर्दी झाली म्हणून आज मी क्लबात गेले नाही, आणि पाऊण तास मी भिंतीतून तुझं ऐकतेय. दुसरा ठोका तू दर वेळी उशिरा टाकतोस. शाळेतही हातचा विसरायचास."

मी सगळं सांगून टाकलं. घोट्यासकट. बाईंच्या समोर खोटं बोलणं मला पूर्वीही जमलं नव्हतं.

बाईंनी रुमालाने नाक पुसलं. "मी चाळीस वर्षं क्लबात नाचतेय. आजवर माझ्या एकाही जोडीदाराची तक्रार नाही. मंगळवारी सहाला गॅरेजमध्ये ये. आणि नेट्टाला कळता कामा नये असं म्हणतोस ना? मग माझ्या तोंडाला कुलूप."

मंगळवार-गुरुवारसाठी मी घरी गटार समितीची बैठक सांगितली. नेट्टा एवढंच म्हणाली, "गटारं बरीच तुंबलेली दिसतात."

बाईंनी त्यांची जुनी मोटार बाहेर पावसात काढली. ती पुढचे सहा आठवडे सुरू झाली नाही, पण त्याबद्दल बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त रोज दुकानात जाताना माझ्या खिडकीवर टकटक करून सांगायच्या की त्या पायी चालल्या आहेत. गॅरेजमध्ये टेपरेकॉर्डर होता आणि पूसेटसाठी लागणारी दुसरी जोडी म्हणून एक हातगाडी होती. परसातल्या बटाट्यांनी भरलेली. "ही इम्री आणि जीन समज," बाई म्हणाल्या. "मी इथे. तू तिथे, समोर. वाजंत्री कुठेतरी असतील, त्याची काळजी तू करू नकोस. तू माझ्याकडे बघ."

पहिला धडा नमस्काराचा. वाद्यांचा पहिला लांब सूर निघाला की नाचणाऱ्यांनी समोरच्याला मान द्यायचा. बाई कमरेतून वाकल्या, ताठ, एखाद्या न्यायाधीशासारख्या. मीही तसाच वाकलो.

"तू नाही! तू गुडघ्यांतून वाक. एक पाय मागे घे. कंबर ताठ."

मी थोडा विचार केला आणि मला त्यातलं शहाणपण पटलं. मी किल्ट, म्हणजे आमचा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घालणार होतो. किल्ट घालून माणूस कमरेतून वाकला तर मागच्या मंडळींना नको ते दिसण्याचा धोका असतो. गुडघ्यांतून वाकणं सुरक्षित. जुन्या लोकांनी किती बारकाईने विचार केलाय, असं मनाशी म्हणत मी शंभर वेळा गुडघ्यांतून वाकलो.

मग पूसेट. बाई तळहात वर करून हात पुढे करायच्या, मी माझे हात त्यांच्या हातांवर ठेवायचे. "उजवा पाय!" बाई ओरडायच्या. त्या मला रेटत पुढे, मी मागे, मग पाव गिरकी, मग बटाट्यांच्या बाजूने खाली, पुन्हा पाव गिरकी, आत, अर्धी गिरकी, आणि आपापल्या जागी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा हातगाडीत बसलो. दुसऱ्या आठवड्यात एकदाच. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी घड्याळ लावून माझी पूसेट तपासली आणि म्हणाल्या, "लॅकलन, तुझं पाऊल हलकं आहे. तुझ्यासारखं मागे जाणारं माणूस मी फार थोडं पाहिलंय." गणितात मला त्यांनी असं काही कधी म्हटलं नव्हतं. मी घरी शीळ घालत आलो.

"गटार मोकळं झालं वाटतं," नेट्टा म्हणाली.

आता गावात गुपित राहत नाही. इम्रीच्या दुकानात एक बाई म्हणाली की पेट्रीसाहेब कागदी पिशवीत मऊ बूट घेऊन हिंडताना दिसतात. दुसरीने बातमी आणली की ते डॅलगार्नोबाईंच्या गॅरेजमध्ये जातात आणि आतून बटाटे सांडल्याचे आवाज येतात. रस्त्यात लोक मला थांबवून सल्ले देऊ लागले. एकाने पायाला चरबी चोळायला सांगितली. माझ्या दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र असताना सांगितलं की जोडीदाराच्या नाकाकडे बघायचं, डोळ्यांकडे नाही, डोळ्यांकडे पाहिलं की हसू येतं. एवढं सगळं होऊन नेट्टाला कळलं नसेल असं मी का मानत होतो, हे आज मलाही सांगता येणार नाही.

तीस नोव्हेंबर, सेंट अँड्र्यूच्या नाचाचा दिवस, उजाडला. मी वडलांचा किल्ट काढला. वडील सडपातळ होते. पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली आणि त्या दिवशी मी दुपारचं जेवलो नाही. पुढे चामड्याची पिशवी लटकवली. सराव मी विजारीत केला होता, त्यामुळे उडी मारली की ही पिशवी वर येऊन पोटावर बसते हे मला तोवर माहीत नव्हतं. नेट्टा जिना उतरून खाली आली. तिने गडद हिरवा पोशाख घातला होता. पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"नवा?"

"अकरा वर्षांपूर्वी शिवला होता," ती म्हणाली. "घालायचं काम पडलं नाही."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी म्हणालो छान दिसतो, आणि खरंच दिसत होता.

हॉलमध्ये दोन फिडल, एक अकॉर्डियन, आणि निम्मं गाव. पुरुष कमी, बायका पुष्कळ. काही बायकांनी खांद्यावरून निळी फीत घातलेली होती. डॅलगार्नोबाईंनीसुद्धा. मला वाटलं बक्षीस मिळालेलं असावं. जेवणाआधीचा शेवटचा नाच पुकारला गेला: 'पाद्र्याची घोडी'. पूसेटवाला. नेट्टाने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर एकदा माझ्या घोट्यावर जाऊन आली.

"चल," मी म्हणालो.

इम्रीचा सल्ला मी विसरलो नव्हतो. तळाला उभं राहायचं. मी दोन रांगा लागताना नीट मोजलं, चार जोड्या पुढे जाऊ दिल्या आणि पाचव्या जागी उभा राहिलो. पाठोपाठ इम्री आणि जीन आले. मी समाधानाने श्वास सोडला. मग वाजंत्रीपासून एक गृहस्थ बोट दाखवत मोजत खाली आले, "एक, दोन, तीन, चार. एक—" आणि बोट माझ्यावर.

मी इम्रीकडे वळलो. "एक कसा? मी पाच आहे."

"चार-चारांचे गट पाडतात, लेका!" इम्री म्हणाला. "पाचवा म्हणजे पुढच्या गटाचा पहिला. सगळ्यांत आधी तूच नाचणार. तुला आठवं राहायला कुणी बंदी केली होती?"

तेवढ्यात वाद्यांचा लांब सूर निघाला. माझ्या रांगेतले सगळे जण कमरेतून वाकले. मी एक पाय मागे घेतला, कंबर ताठ ठेवली आणि गुडघ्यांतून वाकलो. चांगला खोल वाकलो, शंभर वेळा घोटल्यासारखा.

मान वर केली तेव्हा समोरच्या रांगेतल्या सगळ्या बायकाही नेमक्या तशाच वाकून उठत होत्या.

माझ्या रांगेत माझ्यासारखं कुणीच वाकलेलं नव्हतं. मागून कुणाचं तरी हसणं फुटलं. नेट्टा माझ्याकडे टक लावून पाहत होती. मला पूर्ण उमज पडायच्या आत संगीत सुरू झालं, आणि आमच्याकडचं संगीत कुणासाठी थांबत नाही. आम्ही मधून धावत खाली गेलो, परत आलो. इथवर ठीक. मग पूसेट. मी हात पुढे केले आणि तिच्या हातांवर ठेवले. बरोबर बसले. त्यातही काही चुकतंय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. "उजवा पाय!" असं बाई डोक्यात ओरडल्या आणि मी जसा शिकलो तसा हलक्या पावलाने मागे गेलो.

नेट्टाही मागे गेली.

आमचे चार हात ताणले गेले. दोघांनाही समोरच्याने रेटायला हवं होतं आणि रेटायला कुणीच नव्हतं. मग मी पाव गिरकी घेतली, तिने उलटी घेतली, पिशवी उडून माझ्या पोटावर बसली, आणि मी मागच्या मागे खाली निघालो, कारण बटाट्यांची गाडी सहा आठवड्यांत कधी जागची हलली नव्हती. इम्री मात्र हलला. त्याचं वजन गाडीपेक्षा जास्त आहे. मी त्याच्या छातीवर आदळलो, तो जीनवर, आणि जीन शेजारच्या गटातल्या डॅलगार्नोबाईंवर.

"उजवा नाही, डावा!" इम्री ओरडला. "पुरुषाचा डावा!"

बाईंनी जीनला सरळ उभं केलं, माझ्याकडे पाहिलं, आपल्या खांद्यावरच्या निळ्या फितीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं माझ्यासमोर बाईच उभी असते रे, लॅकलन. माझ्या डोक्यातच आलं नाही."

तेव्हा ती फीत मला कळली. क्लबात पुरुष सहा आणि बायका तीस. ज्या बायका पुरुषाच्या जागी नाचतात, त्या ओळखू याव्यात म्हणून फीत घालतात. बाई चाळीस वर्षं पुरुष होत्या. आणि गावच्या सभागृह आणि मोकळ्या जागा विभागाचा प्रमुख गेले सहा आठवडे अत्यंत मन लावून बाईचं नाचणं शिकत होता.

चोवीस वर्षांपूर्वीच्या खुर्चीची आणि स्टुलाची मला तीव्र आठवण झाली. दार दहा पावलांवर होतं. मी घोट्याकडे हात नेला. खोटं कशाला सांगू, नेला.

"खबरदार," नेट्टा म्हणाली.

तिने पोशाखाच्या बाहीत हात घातला आणि आतून घडी केलेली निळी फीत काढली. एका झटक्यात डोक्यावरून खांद्यावर घेतली. मला दंडाला धरून तिच्या जागी, बायकांच्या रांगेत ढकललं, आणि स्वतः माझ्या जागी पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"तूही?" मी ओरडलो.

"अकरा वर्षं," ती पलीकडून म्हणाली. "तू येत नव्हतास, मग तुझ्या जागी कोण उभं राहणार होतं?"

"मग आज फीत बरोबर कशाला आणलीस?"

"तुझी खात्री नव्हती म्हणून!"

पहिल्या जोडीला लागोपाठ दोनदा नाचावं लागतं, ही आमच्या नाचाची फार दयाळू रीत आहे. दुसरी फेरी सुरू झालीच होती. या वेळी वळसा तिसऱ्या जोडीबरोबर होता; इम्री आणि जीन आता वर मोकळे उभे होते, कंबरेवर हात ठेवून, मजा बघायला. मी आणि नेट्टा मधून धावत खाली गेलो, परत आलो. पूसेट आली. तिने तळहात वर करून हात पुढे केले. मी माझे त्यावर ठेवले.

"उजवा," ती म्हणाली.

"माहितीये," मी म्हणालो.

ती पुढे, मी मागे. पाव गिरकी. खाली. पाव गिरकी. तिच्या नाकाकडे बघायचं होतं, मी डोळ्यांकडे पाहिलं, आणि दाताचे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. दोघांनाही हसू फुटलं. आत, अर्धी गिरकी, आपापल्या जागी. आठव्या अंकाला मी बायकांच्या रांगेत, माझ्या नेमक्या जागेवर, पाय जुळवून उभा होतो. इम्रीने शिट्टी मारली. डॅलगार्नोबाई स्वतःचा नाच सोडून टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांची जोडीदारीण त्यांना शोधत फिरत होती.

शेवटचा सूर निघाला. नेट्टा माझ्यासमोर कमरेतून वाकली. मी गुडघ्यांतून वाकलो. या वेळी हॉलमध्ये जे झालं त्याला मी हसणं म्हणणार नाही, टाळ्या म्हणेन. हसणं होतं, पण टाळ्या जास्त होत्या.

जेवणाच्या टेबलाशी सूप घेऊन आम्ही बसलो. मला फार शरम वाटत होती, आणि ती गुडघ्यांतून वाकल्याची नव्हती. मी म्हणालो, "नेट्टा, मी पुरुषाचा भाग शिकतो. पुढच्या वर्षी तू हा हिरवा पोशाख घालून बायकांच्या रांगेत उभी राहा. फीत नको."

तिने माझ्या किल्टवर सांडलेलं सूप रुमालाने टिपलं. "कोण कुठल्या बाजूला, याचं मला काय करायचंय, लॅकी? मला समोर तू हवा होतास."

मग मी विचारलं, "गॅरेजचं तुला कधी कळलं?"

"पहिल्या मंगळवारी. गटार समिती बरखास्त झालीये तीन वर्षांपूर्वी. शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त मीच टाइप करून दिलं होतं तुला." मग सूप फुंकत म्हणाली, "बाई कुठला भाग शिकवतील याची मला तेव्हाच शंका आली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, शिकतोयस तर शिकू द्यावं. मध्ये बोलले असते तर घोटा मुरगळला असता."

आता बुधवारी आमच्या घरी दोघांचंही जेवण थंड असतं. डॅलगार्नोबाईंची मोटार सुरू झाली आहे. फॉर्ममधलं कलम अकरा मी फेब्रुवारीच्या समितीत रद्द करून घेतलं. शीनाने अनुमोदन दिलं. क्लबाच्या वार्षिक सभेत चिटणिसांनी आनंदाने जाहीर केलं की यंदा एक नवे सभासद मिळाले आहेत. पुरुषांची संख्या मात्र अजून सहाच आहे.